रेषेची तालीम : प्लास्टरच्या पुतळ्यापासून पुस्तकातल्या चित्रापर्यंत

१/ १९१४ साली ‘डेक्कन नर्सरी टेल्स’ हे इंग्रजी पुस्तक प्रसिद्ध झाले. मराठी घरांत व्रतवैकल्यांच्या दिवशी सांगितल्या जाणाऱ्या कहाण्या सी. ए. किंकेड या सनदी अधिकाऱ्याने त्यात इंग्रजीत आणल्या. चित्रे महादेव विश्वनाथ धुरंधर यांची होती. कहाणीतला आटपाट नगराचा राजा किंवा नागराज चित्रकारासमोर येऊन बसणार नव्हता. मग ही माणसे कागदावर आली कोठून? याचे अर्धे उत्तर कल्पनाशक्तीत आहे. उरलेले अर्धे चित्रशाळेतल्या एका पांढऱ्या पुतळ्यापाशी सापडते.

२/ सर जमशेटजी जीजीभाई यांच्या १ लाख रुपयांच्या देणगीतून मुंबईत १८५७ साली कलाशाळा सुरू झाली. तिचा मूळ हेतू चित्रकार घडवण्याचा नव्हता. १८५१ च्या लंडनमधील महाप्रदर्शनात भारतीय कारागिरीचे कौतुक झाले होते. त्या कारागिरीला ‘शास्त्रशुद्ध’ रेखनाची जोड द्यावी, असा तेव्हाचा विचार होता.

३/ अभ्यासक्रमाचा आदर्श होता लंडनच्या साउथ केन्सिंग्टनचा. तेथे शिक्षणाच्या २३ पायऱ्या ठरवलेल्या होत्या. आरंभ भूमितीच्या आकृत्यांनी होई. मग छापील नमुन्यांवरून बाह्यरेषा, पुढे यथार्थदर्शन, त्यानंतर ग्रीक शिल्पांच्या प्लास्टर प्रतिकृती आणि शेवटी जिवंत मनुष्याकृती.

४/ प्लास्टरचा पुतळाच का? तो हलत नाही आणि त्याला रंग नाही. त्यामुळे डोळ्यांपुढे उरतो केवळ प्रकाश. गाल कोठे वळतो, हनुवटीखाली सावली किती गडद होते, हे विद्यार्थ्याला तासन्‌तास पाहावे लागे. हात पुतळा काढत असे, पण डोळा घनता वाचायला शिकत असे.

५/ या पद्धतीमागे एक अहंकारही होता. वस्तू जशी दिसते तशी अचूक काढणे भारतीयांना कधी साधलेच नाही, आणि ते आता इंग्रज शिकवतील, अशी समजूत राज्यकर्त्यांत रूढ होती. मुंबईचे गव्हर्नर रिचर्ड टेंपल यांनी तर ती ग्रंथातच मांडली.

६/ त्याच काळात या समजुतीला छेद देणारे काम त्याच शाळेत चालू होते. १८७२ ते १८८५ या काळात शिक्षक जॉन ग्रिफिथ्स यांच्या मार्गदर्शनाखाली विद्यार्थ्यांनी अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या अनुकृती केल्या. त्यांपैकी अनेक लंडनमध्ये आगीत नष्ट झाल्या. पण भारतीय विद्यार्थ्याने गिरवावा असा आदर्श भारतातच आहे, हे ग्रिफिथ्स यांनाही पटले होते.

७/ धुरंधर १८९० साली या शाळेत दाखल झाले, पुढे तेथेच शिक्षक झाले आणि १९३१ साली निवृत्त झाले. त्यांच्या आत्मचरित्राचे नावच ‘कलामंदिरातील एकेचाळीस वर्षे’ असे आहे.

८/ या तालमीचा पुस्तकाशी संबंध काय? त्या काळी रेखाचित्र छापायचे तर बहुधा जस्ताचा ठसा करीत. त्यात शाई उमटते किंवा उमटत नाही. मधली करडी छटा नसते. सावली दाखवायची तर बारीक रेषांची जाळीच विणावी लागते. जाळी कोठे दाट करायची आणि कागद कोठे कोरा सोडायचा, हे ज्याने प्रकाश वाचला आहे त्यालाच कळते.

९/ १९२० च्या ‘विमेन ऑफ इंडिया’ या पुस्तकासाठी धुरंधरांनी ४८ रंगीत चित्रे काढली. निरनिराळ्या समाजांतील स्त्रियांची वस्त्रे, दागिने आणि उभे राहण्याची ढब त्यांत दिसते. वस्त्राची चुणी खरी वाटते, कारण तिच्याखालचे शरीर चित्रकाराला ठाऊक आहे.

१०/ कलकत्त्यात मात्र याच पद्धतीविरुद्ध बंड झाले. १८९६ साली तेथील सरकारी कलाशाळेची सूत्रे घेतलेल्या ई. बी. हॅवेल यांनी युरोपीय नमुने बाजूला सारून भारतीय चित्रपरंपरेला मध्यभागी आणले. विद्यार्थ्यांतूनच त्यांना विरोध झाला. पण अवनींद्रनाथ ठाकूर यांच्या साथीने नवे वळण रुजले.

११/ आता गंमत पाहा. याच वळणाचे नंदलाल बोस १९०९ ते १९११ च्या दरम्यान लेडी हेरिंगहॅम यांच्या मोहिमेसोबत कोठे गेले? अजिंठ्याला, आणि तेथे त्यांनी अनुकृतीच केल्या. पुढे रवींद्रनाथांच्या ‘सहज पाठ’ या बालपुस्तकाची चित्रे आणि संविधानाच्या मूळ प्रतीची सजावट त्यांच्याच हातून झाली.

१२/ म्हणजे मुंबई आणि कलकत्ता यांच्यातला वाद खरे तर काय गिरवावे याचा होता. गिरवण्यावाचून हात तयार होतो, असे दोहोंपैकी कोणीही मानले नाही. आदर्श लादलेला असेल तर त्याविरुद्ध बंड योग्यच. पण ते बंड कागदावर उतरवायलाही कसलेला हात लागतो.

१३/ महाराष्ट्रातले हजारो विद्यार्थी आजही एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या चित्रकला परीक्षा देतात. एलिमेंटरीत वस्तुचित्र आणि स्मरणचित्र असे दोन वेगळे विषय असतात. पहिल्यात समोरची वस्तू पाहून काढायची, दुसऱ्यात समोर नसलेला प्रसंग आठवून रचायचा. पुस्तकचित्रकाराचा सारा प्रवास या दोन विषयांमधला आहे. कहाणीतला राजा दुसऱ्यात भेटतो, पण त्याच्याकडे जाणारी वाट पहिल्यातून जाते.