अत्ताराच्या दुकानातलं नाव

अत्ताराने तुमच्या तळहातावर ठेवलेल्या करड्या खड्याला आधी गोठ्यासारखा वास येतो. मग ओल्या शेवाळाचा. हात जरा लांब धरलात की त्याच वासाखालून कसला तरी गोडवा वर येतो आणि तुम्ही हात पुन्हा नाकाशी नेता. अत्तार हसतो; पहिल्यांदा आलेलं प्रत्येक गिऱ्हाईक हेच करतं. तो एक सुई दिव्यावर तापवतो आणि खड्यात टोचतो. टोक शिरतं तिथे खडा पाघळतो, बारीक धूर निघतो. तो हुंगून अत्तार मान डोलावतो. माल अस्सल आहे, मेण मिसळलेलं नाही.

तुम्ही बगदादमध्ये आहात. १५६५ च्या आसपासचा काळ. शहर १५३४ पासून उस्मानी तुर्कांकडे आहे, पण बाजारात बोली अरबीच चालते. दजला नदीवर होड्या एकमेकींना जोडून केलेला पूल आहे, त्यावरून माणसं, गाढवं आणि खजुराच्या पाट्या सारख्या ये-जा करतायत. परका चेहरा इथे कुणाला खटकत नाही.

हातातल्या खड्याला म्हणतात अंबर. अरबीत लिहिताना ‘अनबर’, बोलताना अंबर. तुमच्या काळी हाच माल कोकणातल्या बातम्यांत ‘व्हेल माशाची उलटी’ म्हणून येतो, बहुतेक वेळा तो विकायला निघालेला कुणी पकडला गेला म्हणून. अत्ताराला यातलं काही ठाऊक नाही. समुद्राच्या तळाशी अंबराचे झरे आहेत असं तो ठासून सांगतो. शेजारचा दुकानदार म्हणतो, छे, ती एका पक्ष्याची शीट. त्यांना हसू नका. याच सुमारास, १५६३ साली, गोव्यात गार्सिया द ओर्ता या पोर्तुगीज वैद्याने औषधी द्रव्यांवर पुस्तक छापलंय आणि त्यातला एक अख्खा संवाद अंबर येतं कुठून या वादावर खर्च केलाय. हा ओर्ता अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशहाकडेही औषधपाण्यासाठी जात असे. अहमदनगर ध्यानात ठेवा. आपल्याला तिकडेच जायचंय.

‘या अंबर!’

हाक मागून येते. अत्तार मान वर करत नाही, कारण हाक मालाला नाही. दुकानाबाहेर हिशेबाचे कागद काखेत धरून उभा असलेला एक हबशी तरुण वळतो. सतरा-अठराचा असेल. अंगाने थोराड, नजर शांत. मराठी कानाला अंबर म्हणजे आकाश वाटतं, आणि क्षणभर तुम्हाला वाटतं, काय सुरेख नाव ठेवलंय. ते संस्कृतातलं अंबर वेगळं. याचं नाव आकाशावरून ठेवलेलं नाही. ते तुमच्या तळहातावर आहे.

त्या तरुणाच्या मालकाचा, एका व्यापाऱ्याचा, कारकून वही उघडून बसलाय. तो तुम्हाला नाव विचारतो. तुम्ही सवयीने सांगता: स्वतःचं, वडिलांचं, आडनाव. तो खूश होतो. बापाचं नाव सांगणारा माणूस त्याला समजतो. मग तो स्वतःचं सांगू लागतो आणि तुम्हाला बसायला मोडा शोधावा लागतो. सुरुवात ‘अबू’ने, म्हणजे थोरल्या मुलाचा बाप अशी ओळख, मोठ्या माणसाला आदराने हाक मारायची ती याच नावाने. मग जन्मनाव. मग ‘इब्न’, अमक्याचा मुलगा, पुन्हा इब्न, पुन्हा इब्न, एकेक पायरी उतरत पणजोबापर्यंत. शेवटी गावाचं किंवा धंद्याचं नाव. अल-बगदादी म्हणजे आपल्या हिशेबाने बगदादकर. एवढ्या एका नावात माणसाच्या पुढची एक आणि मागच्या तीन-चार पिढ्या येतात.

त्या तरुणाच्या नावापुढे वहीत एकच शब्द आहे.

त्याचा जन्म १५४८ चा, इथिओपियाच्या दक्षिणेतला. तेव्हाचं नाव चापू. लहानपणीच तो विकला गेला, तांबड्या समुद्रापलीकडे मोख्याच्या बाजारात आला आणि तिथून बगदादला. इथे ज्याने त्याला घेतलं तो व्यापारी मीर कासिम अल-बगदादी म्हणून ओळखला जातो. त्याने पोराची हुशारी हेरली, लिहिणं-वाचणं आणि हिशेब शिकवला, मुसलमान केलं, आणि नाव दिलं. चापूचा बाप होता, आई होती, इथिओपियात त्यांना नावंही होती. वहीत त्यांना जागा नाही.

अशी नावं ठेवायची रीत जुनी आहे, आणि तिच्यात एक खोच आहे. अरबांनी स्वतःच्या मुलांची नावं पूर्वी कल्ब म्हणजे कुत्रा, असद म्हणजे सिंह, सखर म्हणजे खडक अशीही ठेवली. गुलामांची मात्र गोड, सुवासिक. एका बदूला कुणीतरी याचं कारण विचारलं, तेव्हा तो म्हणाला म्हणे की मुलांची नावं आम्ही शत्रूसाठी ठेवतो आणि गुलामांची स्वतःसाठी. दिवसातून शंभरदा हाक मारायची ती गुलामालाच. मग तोंडात चांगला शब्द आला तर बरं. म्हणून गुलामांची नावं जणू अत्तार आणि जवाहिऱ्याच्या दुकानांतून उचललेली. अंबर, काफूर, रैहान, संदल, सुंबुल. याकूत म्हणजे माणिक, मर्जान म्हणजे पोवळं, जौहर म्हणजे रत्न. शिवाय शकुनाची: मसूद, मुबारक. काळ्या माणसाला पांढऱ्याशुभ्र कापराचं नाव देण्यात थट्टाही असे. मला त्या थट्टेपेक्षा जास्त बोचतं ते हे, की यातल्या बहुतेक वस्तू तराजूत घालून विकायच्या आहेत.

सहाशे वर्षं मागे चला. इजिप्तमधलं फुस्तात, सन ९६६. सिंहासनावर काफूर बसलाय. गुलाम म्हणून विकत घेतलेला, खोजा केलेला, आणि आता देशाचा धनी. त्याचीही एक ‘अबू’ने सुरू होणारी आदराची ओळख आहे: अबू अल-मिस्क, कस्तुरीचा बाप. मुलगा होणं शक्य नव्हतं, तर दरबाराने एका सुगंधाला मुलगा केलं. मुतनब्बीसारख्या कवीने आधी त्याची स्तुती गायली आणि हवं ते पद मिळालं नाही तेव्हा रंगावरून, गुलामीवरून त्याला इतकं झोडपलं की अरबी वाचणारे काफूरला आजही त्या निंदेतूनच ओळखतात. तिथे फार थांबायला नको.

बगदादलाच परत या, पण १२०० च्या आसपास. पुस्तकांच्या नकला करून पोट भरणारा एक तरुण भेटतो: याकूत. रूमी मुलुखातून लहानपणी धरून आणलेला. अस्कर नावाच्या व्यापाऱ्याने त्याला विकत घेतलं. अस्करला स्वतःला लिहिता येत नव्हतं, म्हणून हिशेबासाठी पोराला शिकवलं आणि मालाबरोबर आखातातल्या कीश बेटापर्यंत पाठवलं. पुढे हाच याकूत अरबी भूगोलाचा मोठा कोश लिहिणार आहे. त्याचं पूर्ण नाव बघा: याकूत इब्न अब्दुल्ला अल-हमवी. अब्दुल्ला म्हणजे ईश्वराचा दास. बाप ठाऊक नसला की हे नाव तिथे बसवायचं. सगळेच ईश्वराचे दास, तेव्हा खोटंही नाही. आणि अल-हमवी? हमा हे गाव याकूतचं नव्हे. ते मालकाचं. इब्न खल्लिकान हा चरित्रकार लिहितो की नावलौकिक झाल्यावर याकूतने स्वतःला याकूब म्हणवून घ्यायला सुरुवात केली. अरबीत दोन अक्षरं बदलली की माणकाचा पैगंबर होतो, आणि गुलामाचं नाव चारचौघांसारखं होतं. लोकांनी ते मनावर घेतलं नाही. कोशावर याकूतच राहिला.

आता दख्खन. १५७० नंतरची दोन-तीन वर्षं, अहमदनगर. निजामशाहीचा पेशवा चंगीझखान स्वतः एकेकाळचा हबशी गुलाम आहे, आणि त्याच्या पदरी असे हजारभर हबशी आहेत. अंबर त्यांच्यातला एक. हजेरी चालू आहे. नावं ऐकत राहिलात तर मघाचं दुकान पुन्हा उघडल्यासारखं वाटेल, फक्त या वेळी ती नावं तुमच्या ओळखीची निघतील. देवगिरीवर चालून आलेला मलिक काफूर तुम्ही शाळेतच वाचलाय. पन्हाळ्याला १६६० साली वेढा घालून बसणारा सिद्दी जौहर, त्याचा जावई सिद्दी मसूद, जंजिऱ्याचा सिद्दी संबूळ, तिथल्या सिद्दींना मिळालेला याकूतखान हा किताब, विजापूरचा मलिक संदल. शिवचरित्र वाचताना ही नावं कशी दणकट, लढाऊ वाटतात! कापूर, रत्न, सुदैवी, जटामांसी, माणिक, चंदन. तोवर ती घराण्यांत रुळली होती, ज्याचं नाव जौहर तो स्वतः विकला गेलेलाच असेल असंही नाही. पण उगम तोच.

चंगीझखान गेल्यावर त्याच्या विधवेने अंबरला मुक्त केलं. मोकळा माणूस नाव बदलू शकतो. याकूतने प्रयत्न केलाच होता. अंबरने ते तसंच ठेवलं. विजापूरच्या चाकरीत असताना पुढे ‘मलिक’ लागलं, एवढाच फरक. मलिक म्हणजे धनी. दोन शब्द शेजारी ठेवून वाचा: धनी, आणि धन्याने दिलेलं नाव.

पुढे हाच मलिक अंबर निजामशाहीचा कारभारी आणि मोगलांचा दख्खनेतला शत्रू झाला. १६१६ च्या सुमारास मोगल दरबारात डोकवा. अबुल हसन हा चितारी एक चित्र रंगवतोय. जहांगीर पृथ्वीच्या गोलावर उभा आहे आणि भाल्यावर खोचलेल्या मलिक अंबरच्या मुंडक्याला बाण मारतोय. ते मुंडकं त्याच्या हाती कधीच लागलं नाही. आपल्या आठवणींच्या पुस्तकात तो अंबरचं नाव घेतो तेव्हा काळतोंड्या, करंटा अशी विशेषणं चिकटवल्याशिवाय त्याची लेखणी पुढे सरकत नाही. पुढच्याच वर्षी पीटर व्हान डेन ब्रूक हा डच व्यापारी अंबरला समक्ष भेटतो आणि करारी, रोमन वळणाचा चेहरा पाहिल्याचं लिहितो.

मावळातल्या एका चावडीत मात्र कुणी त्याला शिवी देत नाही. कुळकर्णी घोंगडीवर बसलाय, पाटील आणि चार कुणबी समोर उकिडवे. जमीन चांगली, मध्यम की हलकी, पीक किती, सरकारचा हिस्सा किती, यावर घासाघीस चाललीय. ठरवण्याच्या या रीतीला ते काय म्हणतात ते ऐका: मलिकंबरी. दोन शब्दांचा एक झाला, त्याला मराठी ईकार लागला, आणि इथिओपियातला चापू शेतसाऱ्याचं विशेषण झाला. शिवरायांच्या लहानपणी पुणे प्रांताची घडी बसवताना हीच रीत पुढे आली. चावडीतल्या एकालाही अंबर म्हणजे काय ते ठाऊक नाही, आणि त्यांचं काही अडत नाही.

तिकडे खडकीला, मलिक अंबरने १६१० मध्ये वसवायला घेतलेल्या शहरात, खोदकाम चालू आहे. जमिनीखालून पाणी आणायचंय. खापरी नळ मांडले जातायत, मधून मधून उंच हवाखांब. ही नहर-ए-अंबरी. भातवडीला १६२४ साली मोगल आणि आदिलशाही फौजांना एकदम धूळ चारणारा म्हातारा तुम्हाला याच शहरात दिसतो, आणि त्याच्या बाजूने त्या लढाईत उतरलेल्यांत शहाजीराजे होते.

१६२६ मध्ये तो गेला. कबर खुलताबादला आहे. मागे थोरला मुलगा. त्याच्या नावात कापूर नाही, कस्तुरी नाही. त्याची ओळख: फतेहखान. त्याला वंश सांगताना ‘बिन मलिक अंबर’ म्हणता येत होतं. ‘बिन’, म्हणजे इब्न, हा एक शब्द बगदादच्या वहीत बापाच्या वाट्याला आला नव्हता. फतेहखानाने कारभार हाती घेताच बापाच्या खडकीला स्वतःचं नाव दिलं, फतेहनगर. ते २७ वर्षं टिकलं.