तिसरा आलेला सयाजीराव

१९४५ साली ब्रिटनमध्ये एका वर्षाच्या शिंगरावर २८,००० गिनींची बोली लागली. एवढ्या कोवळ्या घोड्याला तिथे तोवर कुणी इतकी किंमत मोजली नव्हती. त्या वेळच्या दराने जवळपास चार लाख रुपये! घेणारे होते बडोद्याचे महाराज प्रतापसिंहराव गायकवाड. शिंगराला त्यांनी थेट आजोबांचंच नाव दिलं, सयाजीराव.

किंमत होती ती खानदानाची. त्याचा सख्खा भाऊ डान्टे त्याच वर्षी डर्बी जिंकला होता.

१९४७च्या मोसमात मात्र मानाच्या शर्यती हातून निसटू लागल्या. न्यूमार्केटच्या टू थाउजंड गिनीजमध्ये ट्यूडर मिन्स्ट्रेल आठ लांबींनी पुढे निघून गेला आणि सयाजीराव तिसरा आला. मग लिंगफिल्डची डर्बी-चाचणी त्याने मारली, आशा वाढल्या. पण एप्समच्या डर्बीत चाळीसास एक भावाचा पर्ल डायव्हर पहिला, आगाखानांचा मिगोली दुसरा आणि सयाजीराव पुन्हा तिसराच.

नुसता क्रमांक पाहणाऱ्याला हा घोडा महागात पडलेला सौदा वाटला असता. रेसचा जाणकार अंतरही पाहतो. गिनीज एक मैलाची, निव्वळ वेगाची. डर्बी दीड मैलाची, आणि तिथे तोच ट्यूडर मिन्स्ट्रेल दमून चौथा आला, सयाजीरावच्या मागे. म्हणजे पल्ला वाढला की याची बाजू भक्कम होत होती. आयरिश डर्बी जिंकून त्याने ते दाखवलंच. उरली होती डॉनकास्टरची सेंट लेजर, सुमारे पावणेदोन मैलांची.

सप्टेंबर १९४७. भारत स्वतंत्र होऊन महिनाही झाला नव्हता. जीनवर होता ऑस्ट्रेलियन जॉकी एडगर ब्रिट. १९४३ची पहिली इंडियन डर्बी याच महाराजांच्या प्रिन्सेस ब्युटिफुलवर बसून त्यानेच जिंकली होती. शेवटच्या टप्प्यात फ्रान्सचा आर्बार अगदी अंगाला अंग लावून आला. सयाजीरावने त्याला फक्त डोक्याच्या अंतराने हरवलं. एप्समला पुढे राहिलेला मिगोली इथे तिसरा.

या विजयाचं कौतुक करताना पैशाचा प्रश्न टाळता येत नाही. ज्या सयाजीराव महाराजांनी १९०६ साली संस्थानभर प्राथमिक शिक्षण सक्तीचं केलं, त्यांचं नाव घोड्याला लाभलं; पण नातवाच्या उधळपट्टीवर आणि संस्थानच्या तिजोरीतून उचललेल्या रकमांवर कडक टीका झाली, आणि ती रास्त होती. १ मे १९४९ला बडोदा मुंबई राज्यात विलीन झालं. १९५१ साली भारत सरकारने प्रतापसिंहरावांची मान्यताच काढून घेतली.

घोड्याचा वंश मात्र दूर पल्ल्यावर टिकला. त्याची मुलगी ग्लॅडनेस १९५८ साली अॅस्कट गोल्ड कप जिंकली. १९६४ साली मुलगा इंडियाना डर्बीत दुसरा आला आणि त्याच वर्षी डॉनकास्टरला सेंट लेजर जिंकून गेला.