निवडणूक आणि जनमत कौल : गोमंतक व क्वेबेक

भाषेच्या प्रश्नावर उभा राहिलेला प्रादेशिक पक्ष निवडणूक जिंकतो, तेव्हा त्या विजयाचा अर्थ काय लावावा ? मतदारांनी भाषेच्या प्रश्नावर निर्णय दिला असे समजावे, की केवळ राज्यकारभार चालविण्यासाठी एका पक्षाची निवड केली असे समजावे ? मराठी भाषकांच्या अलीकडच्या राजकीय इतिहासात पहिला अर्थ इतका रूढ झाला आहे की दुसऱ्याचा विचार क्वचितच केला जातो. त्याचे कारणही उघड आहे. १ नोव्हेंबर १९५६ रोजी विशाल द्वैभाषिक मुंबई राज्य अस्तित्वात आले आणि पुढच्याच वर्षीच्या सार्वत्रिक निवडणुकीत संयुक्त महाराष्ट्र समितीने पश्चिम महाराष्ट्रात व मुंबईत काँग्रेसला जबर धक्का दिला. दादरमधून आचार्य अत्रे विधानसभेत गेले, मध्य मुंबईतून श्रीपाद अमृत डांगे लोकसभेत गेले. विदर्भ, मराठवाडा व गुजरात यांच्या बळावर काँग्रेसचे बहुमत टिकले खरे. पण तो कौल भाषिक राज्याच्या बाजूचा आहे, हे दिल्लीला अखेर मान्य करावे लागले व १ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्य स्थापन झाले. निवडणूक म्हणजेच जनमत, हे समीकरण तेव्हापासून दृढ झाले.

या समीकरणाला छेद देणारे एक उदाहरण मात्र त्याच निवडणुकीत, मुंबईच्या उत्तर भागातच, घडले होते. उत्तर मुंबई मतदारसंघात काँग्रेसचे व्ही. के. कृष्ण मेनन यांनी प्रजा समाजवादी पक्षाचे पीटर अल्वारिस यांचा ४७ हजारांहून अधिक मतांनी पराभव केला. मेनन मराठी नव्हते, मुंबईकरही नव्हते. काश्मीरच्या प्रश्नावर राष्ट्रसंघात केलेल्या भाषणांची कीर्ती हे त्यांचे भांडवल होते. समितीतील एका घटक पक्षाचा उमेदवार ऐन चळवळीच्या भरात पडावा, याचे एक कारण उपनगरांच्या भाषिक घडणीत सापडते. वांद्र्यापासून पुढे वसत गेलेली ही वस्ती गिरणगावासारखी एकजिनसी नव्हती. ख्रिस्ती गावठाणे, गुजराती व्यापारी, फाळणीनंतर आलेले सिंधी, आणि १९४९ साली गोरेगावजवळ वसविलेल्या आरे दुग्ध वसाहतीत म्हशींच्या तबेल्यांबरोबर आलेले उत्तर भारतीय गवळी, अशी ती मिश्र वस्ती होती. परंतु एवढ्याने सारा उलगडा होत नाही. मेनन यांना मत देणाऱ्यांत मराठी भाषकही असलेच पाहिजेत. त्यांनी संयुक्त महाराष्ट्र नाकारला, असे कोणी म्हणणार नाही.

पराभूत झालेले अल्वारिस हे मूळचे गोमंतकीय, गोवा मुक्तिलढ्यातील एक अग्रणी. १९६३ साली महाराष्ट्रवादी गोमंतक पक्षाच्या पाठिंब्याने ते पणजीहून लोकसभेवर निवडून आले. मुंबईच्या निवडणुकीने उपस्थित केलेला प्रश्न गोव्यातच निर्णायक रूपाने पुढे यायचा होता.

गोवा १९ डिसेंबर १९६१ रोजी पोर्तुगीज सत्तेतून मुक्त झाला. केंद्रशासित प्रदेशाच्या तीस सदस्यांच्या विधानसभेसाठी ९ डिसेंबर १९६३ रोजी पहिली निवडणूक झाली. दोन पक्षांत खरी लढत होती. दयानंद बांदोडकर यांच्या नेतृत्वाखालील महाराष्ट्रवादी गोमंतक पक्षाचे (मगो पक्षाचे) ध्येय नावातच होते : गोव्याचे महाराष्ट्रात विलीनीकरण. डॉ. जॅक सिक्वेरा यांच्या युनायटेड गोवन्स पक्षाला गोव्याचे वेगळे अस्तित्व हवे होते. मगो पक्ष व त्याचे सहकारी मिळून सोळा जण निवडून आले, युनायटेड गोवन्सचे बारा. देशभर सत्तेवर असलेल्या काँग्रेसला खुद्द गोव्यात एकही जागा मिळाली नाही. तिचा एकमेव सदस्य दमणचा होता. बांदोडकर मुख्यमंत्री झाले, आणि विलीनीकरणाला लोकांनी संमती दिली आहे असा अर्थ पक्षाने व महाराष्ट्रातील पुढाऱ्यांनी तत्काळ लावला. जानेवारी १९६५ मध्ये गोव्याच्या विधानसभेने तसा ठरावही संमत केला.

सिक्वेरा यांचे म्हणणे साधे होते. साधारण निवडणुकीत मतदार अनेक कारणांनी मत देतो. प्रदेशाचे अस्तित्व संपविण्याचा निर्णय त्यावरून घेता येत नाही. हे म्हणणे पराभूत पक्षाच्या सोयीचे होते, यात शंका नाही. पण सोयीचे म्हणून ते खोटे ठरत नाही. मगो पक्षाच्या मागे उभा राहिलेला बहुजन समाज केवळ मराठीच्या प्रेमाने उभा नव्हता. भाटकाराच्या जमिनीत राहणारा मुंडकार, दुसऱ्याचे शेत कसणारे कूळ, पोर्तुगीज अमदानीत शाळेचे तोंड न पाहिलेली कुटुंबे यांना बांदोडकर हे आपले वाटले. ते खाणमालक होते, परंतु उच्चवर्णीय नव्हते, ही बाब त्या समाजात फार मोलाची होती. १९६४ चा कूळकायदा आणि खेडोपाडी निघालेल्या मराठी प्राथमिक शाळा ही त्या सरकारची ठळक कामे होत. विलीनीकरण ही पताका होती. तिच्याखाली चालणारे लोक मात्र जमीन, शाळा आणि मान यांसाठी चालत होते.

लालबहादूर शास्त्री यांच्या निधनानंतर इंदिरा गांधींच्या सरकारने जनमत कौलाचा मार्ग स्वीकारला. संसदेने डिसेंबर १९६६ मध्ये त्यासाठी कायदा केला. कौल निःपक्षपाती व्हावा म्हणून बांदोडकर मंत्रिमंडळाने त्याच महिन्यात राजीनामा दिला. मतपत्रिकेवर लांबलचक वाक्ये नव्हती : विलीनीकरणासाठी फूल, वेगळ्या अस्तित्वासाठी दोन पाने. मुंबईत राहणाऱ्या हजारो गोमंतकीयांना मत देता आले नाही. गोव्याच्या मतदार यादीत ज्यांचे नाव होते त्यांचाच हा अधिकार होता.

प्रचाराची भाषा हा या प्रकरणाचा भाषाशास्त्राच्या दृष्टीने सर्वांत उद्बोधक भाग होय. ख्रिस्ती समाजात रोमी लिपीतील कोंकणी छापली जात होती, आणि तेथे विलीनीकरणाच्या विरोधासाठी नव्याने मन वळविण्याची गरज नव्हती. निकाल हिंदू मतदारांवर अवलंबून होता, कारण १९६० च्या शिरगणतीनुसार लोकसंख्येत त्यांचे प्रमाण सुमारे ६० टक्के व ख्रिस्ती समाजाचे सुमारे ३८ टक्के होते. हा हिंदू मतदार घरी कोंकणी बोलत असला तरी वाचत होता मराठी. देवळातील कीर्तन, नाटक, पोथी, वर्तमानपत्र यांची त्याची भाषा मराठीच होती. म्हणून विलीनीकरणाला विरोध करणारे प्रमुख दैनिक 'राष्ट्रमत' हे मडगावहून मराठीत निघत होते. चंद्रकांत केणी त्याचे संपादक होते आणि उदय भेंब्रे यांचे 'ब्रह्मास्त्र' हे सदर त्यात गाजत होते. विलीनीकरणवादी 'गोमंतक'ही मराठीच. कोंकणीचे स्वतंत्र स्थान मराठी गद्यात, मराठी वाचकापुढे प्रतिपादन करावे लागले, यातील विसंगती वरवरची आहे. घरची भाषा आणि अक्षरओळखीची भाषा या दोहोंत जेथे अशी वाटणी असते तेथे माणूस एकीशी आपले नाते सांगतो व दुसरीत युक्तिवाद करतो. कोंकणी ही मराठीची बोली की स्वतंत्र भाषा, हा वाद तेव्हा विद्वानांतही मिटलेला नव्हता. डॉ. अमृत घाटगे यांच्या मराठी बोलींच्या पाहणीचा १९६३ साली प्रसिद्ध झालेला पहिलाच खंड दक्षिण कानडातील कोंकणीवर आहे. त्या मालिकेचे नाव आणि त्या खंडाचा विषय शेजारी ठेवून पाहिले असता वादाचे स्वरूप ध्यानात येते. मतदाराने मात्र हा वाद सोडविला नाही. त्याला तो विचारलाही नव्हता.

१६ जानेवारी १९६७ रोजी सुमारे ८२ टक्के मतदारांनी मत दिले. दोन पानांना १,७२,१९१ मते पडली, फुलाला १,३८,१७०. विलीनीकरण ३४,०२१ मतांनी फेटाळले गेले. त्यानंतर अवघ्या दहा आठवड्यांनी, २८ मार्च रोजी, विधानसभेची निवडणूक झाली. तीत मगो पक्षाने सोळा जागा जिंकल्या, सिक्वेरा गटाच्या युनायटेड गोवन्सने बारा. ५ एप्रिल रोजी बांदोडकर पुन्हा मुख्यमंत्री झाले.

गोव्याच्या मतदाराने 'राज्य तुम्ही करा, पण विलीनीकरण नको' असे बांदोडकरांना सांगितले, असा या दोन निकालांचा अर्थ सर्वत्र लावला जातो. अर्थ आकर्षक आहे. आकड्यांशी मात्र तो नीट जुळत नाही. मार्चमध्ये मगो पक्षाला सुमारे १ लाख ११ हजार मते, म्हणजे जवळजवळ ४० टक्के, मिळाली होती. जानेवारीत विलीनीकरणाला मिळालेली मते यापेक्षा अधिक आहेत, एकूण मतदानाच्या ४३.५ टक्के. पक्ष लोकप्रिय आणि त्याचे ध्येय अप्रिय, असे असते तर हे प्रमाण उलट दिसावयास हवे होते. घडले ते असे की जानेवारीत विरोधकांची सर्व मते एकाच चिन्हाखाली एकत्र झाली. मार्चमध्ये ती उमेदवारांत व गटांत विभागली, युनायटेड गोवन्स पक्षात तर फूटच पडली होती. शिवाय पेडणे, डिचोली, सत्तरी, फोंडा या नव्या काबिजादीतील तालुक्यांत मगोची मते दाट होती आणि सासष्टीत विरोधकांची. एकसदस्य मतदारसंघात अशा वाटणीचा लाभ कोणाला होतो, हे विस्ताराने सांगण्याची गरज नाही. मतदाराने आपले मन बदलले, असे या आकड्यांवरून सिद्ध होत नाही. मोजण्याची रीत बदलली एवढे निश्चित सिद्ध होते.

कॅनडातील फ्रेंच भाषक क्वेबेक प्रांतात तेरा वर्षांनी हाच क्रम घडला आणि तेथील तुलना येथे उपयोगी पडते. तेथील परिस्थिती गोव्याहून एका बाबतीत मुळातच वेगळी होती. फ्रेंच ही घरची, चर्चची व विधिमंडळाचीही भाषा होती. वरच्या हुद्द्याची आणि पैशाची भाषा तेवढी इंग्रजी होती. १९६८ साली स्थापन झालेल्या पार्ती केबेक्वा या पक्षाने, रेने लेवेक यांच्या नेतृत्वाखाली, प्रांताच्या सार्वभौमत्वाचा पुरस्कार केला. १९७० मध्ये त्याला २३ टक्के मते मिळूनही १०८ पैकी सातच जागा मिळाल्या. १९७३ मध्ये मते ३० टक्क्यांवर गेली व जागा सहावर आल्या. तेव्हा पक्षाने एक शहाणपणाचा निर्णय घेतला. आपल्याला सत्ता देणे म्हणजे सार्वभौमत्वाला मत देणे नव्हे, त्यासाठी वेगळे सार्वमत घेतले जाईल, असे त्याने १९७४ मध्ये जाहीर केले. सिक्वेरा यांनी विरोधी बाकावरून जी मागणी केली होती, ती येथे ध्येयवादी पक्षाने स्वतःहून मान्य केली. १५ नोव्हेंबर १९७६ रोजी ४१.४ टक्के मतांवर त्याने ११० पैकी ७१ जागा मिळविल्या आणि पुढच्या वर्षी फ्रेंचला कारखान्यांत व कचेऱ्यांत अग्रस्थान देणारी भाषेची सनद संमत केली.

२० मे १९८० चे सार्वमत घेताना प्रश्न सरकारनेच रचला होता. तो शंभराहून अधिक शब्दांचा होता आणि त्यात सार्वभौमत्व न मागता केवळ वाटाघाटीचा अधिकार मागितला होता. फूल आणि दोन पाने यांच्याशी त्याची तुलना करून पाहावी. एवढ्या सावधगिरीनंतरही ५९.५६ टक्के मते विरोधात पडली. होकारार्थी मते ४०.४४ टक्के, म्हणजे १९७६ मधील पक्षाच्या मतांच्या आसपासच, होती. पण १३ एप्रिल १९८१ च्या निवडणुकीत लेवेक यांच्या पक्षाला ४९.३ टक्के मते व १२२ पैकी ८० जागा मिळाल्या. येथे मात्र आकडे बोलके आहेत. ज्यांनी सार्वमतात नकार दिला होता त्यांतील पुष्कळांनी वर्षाच्या आत त्याच पक्षाला सत्ता दिली, याखेरीज दुसरा अर्थ लागत नाही. गोव्याविषयी जे सांगितले जाते ते क्वेबेकविषयी खरे आहे.

हा फरक का पडला असावा ? भाषेची सनद संमत झाल्याने क्वेबेकच्या मतदाराचे मुख्य गाऱ्हाणे, कामाच्या ठिकाणची भाषा, सार्वभौमत्वावाचूनच बऱ्याच अंशी दूर झाले होते. आणि सार्वमताने ते भय तात्पुरते संपल्यामुळे पक्षाला मत देणे निर्धोक बनले होते. गोव्यात दोन मतदानांमध्ये दहाच आठवडे होते. मगो पक्षाची मते कुळांची व मुंडकारांची होती. जानेवारीचा निकाल लागला म्हणून त्यांचे भाटकाराशी असलेले भांडण मिटले नाही, आणि विरोधकांना त्या पक्षाबद्दल नवी आपुलकी वाटण्याचे कारणही घडले नाही. १९७२ मध्ये मगो पक्षाच्या जागा अठरा झाल्या, पण जागांची वाढ म्हणजे मतांची वाढ नव्हे, हे वरील विवेचनावरून स्पष्ट आहे. क्वेबेकमध्येही १९९८ साली पार्ती केबेक्वाला लिबरल पक्षाहून कमी मते मिळूनही १२५ पैकी ७६ जागा मिळाल्या.

१९७३ मध्ये बांदोडकर वारल्यानंतर त्यांच्या कन्या शशिकला काकोडकर मुख्यमंत्री झाल्या. १९७९ मध्ये मगो पक्षाची सत्ता गेली. ४ फेब्रुवारी १९८७ रोजी संमत झालेल्या राजभाषा कायद्याने देवनागरी लिपीतील कोंकणीला राजभाषेचे स्थान दिले आणि त्याच कायद्यात शासकीय कामासाठी मराठीच्या वापराची तरतूद केली. ३० मे १९८७ रोजी गोवा घटक राज्य झाले. त्या वेळी गोव्यात सत्तेवर होती काँग्रेस, जिला १९६३ मध्ये तेथे एकही जागा मिळाली नव्हती.