मीठ, कोळसा आणि कॉम्प्युटर

भोकर म्हटलं की पुण्यामुंबईच्या मंडळींना लोणचं आठवतं. आमचं भोकर हे नांदेड जिल्ह्यातलं तालुक्याचं गाव आहे आणि तिथे माणसं राहतात, हे त्यांना सावकाश सांगावं लागतं. अशा गावात माझ्या पुतणीनं एमेस्सीच्या प्रकल्पासाठी घरीच कॉम्प्युटर मांडायचं ठरवलं. विषय फार लांबचा नव्हता : पत्र्याच्या छपरातून खोलीत उष्णता कशी उतरते! थोरले बंधू म्हणाले, "असली आकडेमोड पुण्याला होते." पण पुण्यातल्या खोलीभाड्याची आकडेमोड त्यांनाच झेपत नव्हती. म्हणजे घरी जमलं तर जमलं, नाहीतर प्रकल्पाला रामराम.

बंधूंचं म्हणणं इतिहासाला धरून होतं, हे मात्र कबूल केलं पाहिजे. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६० साली 'टिफ्रॅक' चालू झाला. आर. नरसिंहन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो इथेच बांधला. त्याचं बारसं १९६२ साली पंडित नेहरूंनी केलं. जुन्या रेडिओत असायच्या तशा सुमारे २,७०० ट्यूबा त्यात होत्या. एवढ्या बारदानाची स्मरणशक्ती किती? तर चाळीस-चाळीस बिटांचे २,०४८ शब्द, म्हणजे दहा किलोबाइट. हा लेख त्यात ठेवला असता तर निम्म्याहून अधिक जागा यानंच खाल्ली असती, आणि विज्ञानाला ओसरीवर बसावं लागलं असतं.

पुढे बड्या महासंगणकासाठी अमेरिकेनं खळखळ केली. तेव्हा पुण्यात १९८८ साली सी-डॅक निघालं आणि विजय भटकरांच्या नेतृत्वाखाली १९९१ मध्ये 'परम ८०००' उभा राहिला. भटकर मूळचे अकोला जिल्ह्यातल्या मुरंब्याचे. लोणच्याच्या गावानं मुरंब्याच्या गावाचं कौतुक करायला हरकत नसावी. 'परम'ची युक्ती तशी पंगतीतलीच : एक भीमसेन आणण्यापेक्षा वाढपी वाढवायचे. लहान लहान प्रोसेसर एकाच गणिताचे तुकडे वाटून घेत. त्याच वर्षी फिनलंडमधल्या लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्यानं आपल्या घरच्या कॉम्प्युटरवर 'लिनक्स' रचलं. आज जगातले पहिले पाचशे महासंगणक त्यावर चालतात आणि ते फुकट मिळतं. फुकट म्हटल्यावर बंधूंचा विरोध निम्मा झाला.

पुतणीच्या यंत्रात सहा वाढपी आहेत. महागडं ग्राफिक्स कार्ड टाळून तिनं ते पैसे रॅममध्ये घातले. शहाणपणाचं झालं, कारण छपराचे लाखभर चौकोन एकदम लक्षात ठेवायचे होते.

खरा खर्च झाला अर्थिंगला. अंगणात खड्डा खणून तांब्याची पट्टी पुरली, वर मीठ आणि कोळसा. ओल टिकली तरच अर्थिंग चालतं. तेव्हा मे महिन्यात तुळशीच्या आधी खड्ड्याला बादली जाऊ लागली. आईला हे अजून पटलेलं नाही.

राहता राहिली वीज. यूपीएस पंधरा मिनिटं तग धरतो आणि गणित चालतं सात तास. त्यावर पुतणीचा उपाय पोथीतल्या खुणेसारखा : दर दहा मिनिटांनी झालेला हिशेब डिस्कवर उतरवायचा, वीज आली की खुणेपासून पुढे. शेवटच्या रात्री वीज चार वेळा गेली. पाचव्यांदा सुरू झालेलं गणित पहाटे संपलं, आणि सकाळच्या गाडीनं पुतणी प्रकल्प घेऊन नांदेडला गेली.