पोपट भरून देता का, भाऊ?

मोबाईल घरीच ठेवा. तिकडं तो कामाचा नाही, आणि परत येताना खिशात एका कॅसेटपुरती जागा लागणार आहे. अंगात सुती शर्ट, पायात जुन्या चपला, सोबत पन्नासेक रुपये सुट्टे. एवढ्यावर भागतं. १९८०चं दशक संपत आलंय, श्रावणही संपत आलाय, आणि तुम्ही नागपूरहून सुटलेल्या पॅसेंजरच्या खिडकीशी बसला आहात. खिडकीच्या गजांना गंजाचा आणि तंबाखूचा मिळून एक वास येतोय. काटोल गेलं, नरखेड गेलं. त्यानंतर कधीतरी महाराष्ट्र संपला, पण डब्यात कुणालाच त्याचा पत्ता लागला नाही. समोरची आजी मघापासून ज्या मराठीत सुनेला नावं ठेवत होती, त्याच मराठीत अजून ठेवते आहे.

पांढुर्णा. उतरा.

पहिल्यांदा अंगाला उकाडा चिकटतो. पाऊस सकाळीच पडून गेलाय आणि आता काळ्या मातीतून वाफ वर येतेय. शेणाचा, ओल्या घोंगड्यांचा, कुठंतरी शिजणाऱ्या पुरणातल्या वेलदोड्याचा, विड्यांचा वास एकमेकांत मिसळलाय. आज पोळा. रस्ताभर बैल. शिंगांना रंग, कपाळावर मठाटी, पाठीवर झूल, गळ्यात घुंगरांच्या माळा. मालकाच्या धोतरापेक्षा बैलाचा थाट मोठा. एकाची शेपटी तुमच्या शर्टावर हिरवट पट्टा ओढून जाते. राहू द्या, आज तो मान समजायचा.

आणि मग कानावर येतो तो आवाज.

पानटपरीवरच्या खांबाला बांधलेल्या पत्र्याच्या भोंग्यातून तो येतोय. आधी ढोलकी, मग एखादं स्वस्त कीबोर्ड, आणि मग एक खडा, रांगडा, वरच्या पट्टीत लावलेला गळा. माईक लागलाच कशाला, असं वाटायला लावणारा. भोंगा जुना आहे, त्याच्या पत्र्याला चीर गेलीय, म्हणून प्रत्येक ओळीच्या शेवटी एक किरकिर येते. पण त्या गळ्याला किरकिरीची पर्वा नाही. गाणं एका पोपटाचं आहे. नुकत्याच बोलायला लागलेल्या पोपटाचं. पोपट म्हणजे नक्की कोण, हे टपरीभोवतीच्या प्रत्येक पोट्ट्याला ठाऊक आहे. पलीकडं बांगड्या भरणाऱ्या बायकांनाही आहे. त्या ओठ दाबून हसतात आणि आपलं लक्षच नाही असं दाखवतात.

गाणारा आनंद शिंदे. प्रल्हाद शिंदेंचा मुलगा. बापाला इथं सगळे ओळखतात. विठ्ठलाची गाणी, कव्वाली, बाबासाहेबांची गाणी, तिन्ही घरांत तो गळा गेलेला आहे. पोराचं नाव मात्र आत्ता आत्ता कानावर पडायला लागलंय. ‘नवीन पोपट हा’ मुंबईत एका स्टुडिओत गायलं गेलं आणि कॅसेटवर चढून ते अशा गावांत पोचलं, जिथं मुंबई कुणी पाहिलेली नाही. आनंदचा मुलगा आदर्श हाही पुढं गाणार आहे आणि गाजणार आहे, पण ते इथं बोलू नका. आधीच तुमच्या शर्टाच्या शिलाईवरून लोक तुमच्याकडं बघतायत.

चला, ते गाणं जिथून येतं तिथं नेतो.

दुकान म्हणजे दोन दुकानांमधल्या बोळाला लावलेली फळी. फळीमागं एक बारीक तरुण, त्याच्यामागं भिंतभर कॅसेटी. छापील कव्हरवाल्या थोड्या, पेनानं नावं लिहिलेल्या जास्त. छापील कॅसेट वीसेक रुपयांना पडते. वीस रुपये म्हणजे थोडे नाहीत. म्हणून लोक कॅसेट विकत घेत नाहीत, भरून घेतात.

“पोपट भरून देता का, भाऊ?” तुमच्या आधीचा गिऱ्हाईक विचारतो. त्याच्या हातात एक कोरी सी-साठ.

“हाव ना. दुसऱ्या बाजूले का टाकू?”

“टाक ना कायबी. कोरी नोको ठेवू.”

आता जवळ या. फळीवर वाकून बघा. डबल डेकच्या डाव्या खाचेत खरी कॅसेट, उजव्या खाचेत कोरी. दोन बोटांनी दोन खटके एकदम दाबले जातात. त्या चपट्या डबीत जवळजवळ नव्वद मीटर तपकिरी फीत गुंडाळलेली आहे आणि एरवी ती सेकंदाला पावणेपाच सेंटिमीटर अशा गोगलगाईच्या चालीनं सरकते. पण दुकानदाराला पोळ्याच्या दिवशी एवढा वेळ कुठला? तो तिसरं बटण दाबतो आणि दोन्ही चकत्या दुप्पट वेगानं फिरायला लागतात. ऐका आता. ढोलकीची नुसती टकटक झालीय, आणि शिंदेंच्या त्या दणदणीत गळ्याचा... पोपट झालाय! अगदी पिंजऱ्यातला, मिरची मागणारा. दुकानासमोरची तीन पोरं फक्त हे ऐकायला उभी आहेत. नेहमीच्या वेगानं वाजलं असतं तर त्यांना ते गाणं एवढं आवडलं असतं की नाही, शंकाच आहे.

भरून झाल्यावर तो तरुण कॅसेटच्या पाठीवरच्या दोन इवल्या टिकल्या पेचकसानं मोडतो, म्हणजे चुकून कुणी त्याच्यावर दुसरं काही भरू नये. गिऱ्हाईक ती कॅसेट छातीजवळच्या खिशात ठेवतो आणि वरून हात ठेवून चालायला लागतो, दमदाटी करून वसूल केलेल्या उधारीसारखी.

हे सारं नवं आहे, हे लक्षात घ्या. ह्याच्या आधी गाणं म्हणजे तबकडी. ती कलकत्त्याजवळ डमडमच्या कारखान्यात दाबली जायची, तिच्यावर भोंग्यापुढं बसलेल्या कुत्र्याचं चित्र असायचं, आणि कुणाचं गाणं दाबायचं ते कंपनी ठरवायची. ऐकायला घरात यंत्र लागायचं, यंत्राला कापड घातलेलं टेबल लागायचं. कॅसेटला काय लागतं? चार सेल आणि शेजाऱ्याचा टू-इन-वन. तिकडं अमेरिकेत ट्रक चालवणाऱ्यांच्या, शेतावर राबणाऱ्यांच्या गाण्याला ‘कंट्री’ म्हणून वेगळं कपाट आहे म्हणतात. इथं कपाटबिपाट नाही. जे भोंग्यातून येतं ते गावाचं.

चहा घेऊ. कपबशी पुसून घ्या. बाकावर डाव्या अंगाला एक पागोटंवाले बसलेत, ते ह्या गाण्याचे टीकाकार. वर्तमानपत्रात त्यांचं काही छापून येत नाही, पण त्यांच्या शब्दाला ह्या चौकात वजन आहे.

“हे का गाणं आहे बे? बाप देवाचं गाते, पोरगा पोपटाचं. पोट्ट्याइले वाया लावून राह्यले.”

“काल तं तुमीच पायानं ताल धरून राह्यले होते, मामाजी.”

“मच्छर चावून राह्यला होता मले.”

बाक हसतो. मामाजीही हसतात, पण मिशीच्या आत.

मला विचाराल तर मामाजींचं अगदीच चूक नाही. गाणं चावट आहे, आणि चावटपणा लपवण्याचे फारसे कष्टही त्यानं घेतलेले नाहीत. पण तुम्ही जरा मान वळवून पाट्या बघा. दुकानाची पाटी हिंदी. रेशनकार्ड हिंदी. तहसील कचेरीतला अर्ज हिंदी, शाळेतलं पुस्तकही बहुतेकांचं हिंदीच. मध्य प्रदेशातलं गाव, छिंदवाडा जिल्हा, कागदाला मराठी चालत नाही. मराठी आहे ती चुलीपाशी, बैलापाशी, भांडणात. ती भोंग्यातून, एवढ्या मोठ्यानं, भर चौकात, कुणाची परवानगी न मागता वाजताना ऐकणं, ह्याची चव वेगळी आहे. मुंबईतली ती मराठी इथल्या बोलीसारखी मुळीच नाही. पोट्टे ती आपल्या तोंडात घोळवून वऱ्हाडी करून घेतात, आणि मुंबईचा पोपट संध्याकाळपर्यंत पांढुर्ण्याचा होतो.

संध्याकाळ झालीच. तोरणाखाली बैल रांगेनं उभे राहिलेत. आता भोंगा बंद, कारण आता झडत्यांची पाळी. एक जण पुढं होतो, एक हात कानावर ठेवून खणखणीत आवाजात झडती म्हणतो. त्यात देव असतो, सावकार असतो, पाऊस असतो आणि शेवटी समोरच्या पाटलाला एक टोला असतो. दुसरा त्याच्यावर आणखी चढी झडती टाकतो. गर्दी ओरडते. घाम, गुलाल, बैलांच्या तोंडचा फेस. इथं उभं राहिल्यावर तुमच्या ध्यानात येईल की पोपटाचं गाणं काही आकाशातून पडलेलं नाही. खोडी काढायची, दोन अर्थांचं बोलायचं, वरच्या पट्टीत बोलायचं आणि समोरच्याला हसवत हसवत टोचायचं, हे ह्या लोकांना भोंग्याच्या कितीतरी आधीपासून येतं. आपल्याच अंगणातली वस्तू कुणीतरी ढोलकी लावून परत पाठवली, तर ती लोक घेणारच.

तोरण तुटतं, बैल उधळतात. बाजूला व्हा!

दुसऱ्या दिवसाबद्दल थोडंच सांगतो. जाम नदीच्या मधोमध पळसाचं झाड रोवलेलं आहे, टोकाला झेंडा, ह्या काठाला पांढुर्णा, त्या काठाला सावरगाव, आणि मध्ये हवेत गोटे. गोटमार. पांढुर्ण्याचा मुलगा सावरगावची मुलगी घेऊन नदीत अडकला, तेव्हापासूनचं हे, असं सांगतात. तुम्हाला मी काठाच्या अलीकडं, एका भिंतीआड उभं करतो आणि पुढं जाऊ देत नाही. इथं डोकी फुटतात, माणसं मेलीही आहेत, आणि ते बघायला तुम्हाला आणलेलं नाही. तुम्ही फक्त कान द्या. दगडावर दगड आदळल्याचा कोरडा आवाज, चंडीमातेचा जयजयकार, हजारो गळ्यांची एक लाट. ह्या दिवशी नदीकाठी पोपट ऐकू येत नाही. एवढा मोठा आवाज त्या भोंग्याजवळही नाही.

तिसऱ्या दिवशी सौंसरची मोटार पकडा. खासगी गाडी आहे, जागा ड्रायव्हरच्या मागची धरा. दोन कोंबड्या, एक सायकल, कपाळाला हळद लावलेली पट्टी बांधलेला एक जण आणि तुमच्या मांडीवर कुणाचं तरी पोरगं. बाहेर संत्र्याच्या बागा, फळं अजून हिरवी, पानांसारखीच. खिडकीतून कापसाच्या ओल्या शेताचा वास येतो, आतून डिझेलचा.

ड्रायव्हर डॅशबोर्डवरच्या टेपात कॅसेट ढकलतो. कुठली ते सांगायला नको.

अर्धी मोटार गुणगुणते. पट्टीवाला दुखऱ्या डोक्यानंही मान हलवतो. आणि मग, एका वळणावर, पोपट अचानक खोल विहिरीत पडल्यासारखा बुडबुडतो आणि गप्प होतो.

“खाल्ली!” चारपाच जण एकदम ओरडतात.

टेपानं फीत खाल्ली. ड्रायव्हर गाडी चालती ठेवून एका हातानं कॅसेट ओढतो, तिच्यामागून तपकिरी फितीचं आतडं बाहेर येतं. कंडक्टर हळूहळू, श्वास धरून, रोलरभोवती बसलेली गाठ सोडवतो. मग पाठीमागून, न मागता, एक शाळकरी हात पुढं येतो. हातात षट्कोनी पेन्सिल. ती चकतीच्या दातांत अशी घट्ट बसते, जणू दोन्ही एकाच सुतारानं केलीत. कंडक्टर पेन्सिल गरगर फिरवतो, फीत परत आत जाते, मध्येच चुरगळलेला हातभर तुकडा तो अंगठ्याच्या नखानं सपाट करतो.

जामसावळीचा फाटा जवळ आलाय. पिंपळाखाली निजलेला मारुती आहे तिथला. ड्रायव्हर दुरुस्त झालेली कॅसेट लगेच लावत नाही. कप्प्यातून दुसरी काढतो, आणि आता बापाचा गळा येतो, प्रल्हाद शिंदेंचा, विठ्ठलाला हाक घालणारा. देव मारुती, गाणं विठ्ठलाचं, कुणाची हरकत नाही. सगळी मोटार हात जोडते. तुमच्या मांडीवरचं पोरगंसुद्धा. टेप तोच, घराणं तेच. कंडक्टर तुमच्याकडं वळून सांगतो की घरी ह्याच बापलेकांच्या बाबासाहेबांच्या कॅसेटी आहेत, दसऱ्याला दीक्षाभूमीवर गेलो की तिथल्या दुकानांतून आणतो, त्या मात्र गाडीत लावत नाही, उन्हानं फीत वाकते.

फाटा मागं पडतो. ड्रायव्हर विचारपूस न करता बापाला बाहेर काढतो आणि लेकाला आत ढकलतो.

गाणं नीट चालतं. फक्त चुरगळलेल्या तुकड्यापाशी एक शब्द बसलेला आहे, गिळल्यासारखा. पहिल्यांदा तिथं खड्डा पडतो. दुसऱ्या कडव्यानंतर ड्रायव्हर कॅसेट मागं नेऊन तीच ओळ परत लावतो, आणि ह्या वेळी खड्डा येताच सगळी मोटार मिळून तो शब्द म्हणते. कोंबड्याही दचकतात.

सौंसर. बसस्टँडवर चिखल, शेंगदाण्यांची गाडी, उसाच्या रसाच्या घाण्याचे घुंगरू. उतरताना शर्टाचा खिसा चाचपून बघा, तुमची भरलेली कॅसेट आहे ना? आणि आता थांबा जरा. समोरच्या हॉटेलावरच्या भोंग्यातून तेच गाणं येतंय, आपल्या मोटारीच्या एक कडवं पुढं. इथला भोंगा चिरलेला नाही.