गावानं कुणाला मतं दिली? बूथनिहाय आकडे कुठे मिळतात आणि कसे वाचायचे

निकाल लागला की गावोगावी पारावर पहिला प्रश्न हाच असतो: "आपल्या बूथवर काय झालं?" कुणाला लीड मिळालं, कोण फुटलं, कुठली वस्ती 'त्यांच्याकडं' गेली, यावरून पुढची पाच वर्षं बोलणं बंद होतं. पण हे आकडे नेमकं काय सांगतात आणि काय सांगत नाहीत, हे माहीत असलेलं बरं.

आकडे कुठे मिळतात?

लोकसभा आणि विधानसभेचा केंद्रनिहाय निकाल 'नमुना २०' या तक्त्यात असतो. राज्याच्या मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांच्या वेबसाईटवर तो मतदारसंघानुसार पाहायला मिळतो. तक्त्यात एका ओळीत एक मतदान केंद्र असतं. समोर प्रत्येक उमेदवाराची मतं, नोटा आणि एकूण मतं दिलेली असतात. आपला केंद्र क्रमांक मतदार यादीत किंवा मतदार चिठ्ठीवर सापडतो. टपाली मतं वेगळी मोजतात, ती कुठल्याच गावाच्या नावावर धरू नयेत.

मोठ्या गावात दोन-तीन केंद्रं असतात, त्यांची बेरीज केल्याशिवाय गावाचा आकडा मिळत नाही. छोट्या वाड्या-वस्त्या मात्र शेजारच्या गावाच्या केंद्रात जोडलेल्या असू शकतात.

मारकडवाडीचा आकडा

माळशिरस तालुक्यातलं (जि. सोलापूर) मारकडवाडी २०२४ च्या विधानसभा निकालानंतर देशभर गाजलं. मतदारसंघात राष्ट्रवादी काँग्रेस (शरदचंद्र पवार) पक्षाचे उत्तमराव जानकर १३ हजारांहून अधिक मतांनी निवडून आले. पण मारकडवाडीत भाजपचे राम सातपुते यांना १००३ आणि जानकरांना ८४३ मतं दिसली. हा आकडा जानकर समर्थक गावकऱ्यांना पटला नाही. त्यांनी ३ डिसेंबर २०२४ रोजी मतपत्रिकेवर पुन्हा मतदान घ्यायचं ठरवलं. अशी तरतूद कायद्यात नाही, असं प्रशासनानं सांगितलं. जमावबंदी लागू झाली आणि ते मतदान झालं नाही.

त्या वादात न पडता आकडाच पाहू. दोघांच्या मतांची बेरीज १८४६. म्हणजे या दोघांना पडलेल्या दर १०० मतांमागे साधारण ५४ एकाला, ४६ दुसऱ्याला. फरक फक्त १६० मतांचा. तरी बोलताना आपण "ते गाव अमक्याचं" म्हणून मोकळे होतो. लीड एकाला मिळालं म्हणून सगळं गाव त्याचं होत नाही.

गावाचा कल निवडणुकीगणिक बदलतो

- ग्रामपंचायत: ही निवडणूक पक्षाच्या चिन्हावर होत नाही, पॅनेलवर होते. इथं भावकी, पाणी, रस्ता आणि सोसायटीचं राजकारण चालतं. "इतक्या ग्रामपंचायती आमच्या" हे पक्षांचे दावे असतात, तो अधिकृत आकडा नसतो. सरपंचाची थेट निवड २०१७ मध्ये आली, २०२० मध्ये रद्द झाली आणि २०२२ मध्ये परत सुरू झाली.
- जिल्हा परिषद, पंचायत समिती: इथं पक्षचिन्ह असतं, पण उमेदवार कुठल्या गावचा हेही तितकंच बघितलं जातं.
- लोकसभा, विधानसभा: २०२४ च्या लोकसभेत राज्यातल्या ४८ पैकी ३० जागा महाविकास आघाडीनं जिंकल्या. सहा महिन्यांत विधानसभेला महायुतीतल्या तीन मोठ्या पक्षांनीच २८८ पैकी २३० जागा घेतल्या. मतदार तेच, कौल वेगळा.

नोटाही दुर्लक्ष करण्यासारखा नाही. २०१९ ला लातूर ग्रामीण विधानसभेत नोटा २७ हजारांवर मतं घेऊन चक्क दुसऱ्या क्रमांकावर होता.

आकडे काय सांगत नाहीत?

कोणी कुणाला मत दिलं हे नमुना २० मधून कळत नाही. कुठल्या घरानं, कुठल्या समाजानं काय केलं, हेही नाही. "अमक्या आळीची मतं पडली नाहीत" हा अंदाज असतो, पुरावा नव्हे. कामासाठी किंवा ऊसतोडीला बाहेर गेलेल्यांची नावं यादीत असतात, पण त्यांचं मत पडलेलं नसतं.

धोका कुठे आहे?

मतपत्रिकेच्या काळात अनेक केंद्रांच्या मतपत्रिका मिसळून मोजण्याची सोय होती. मतदान यंत्र आल्यापासून केंद्राचा हिशोब वेगळा दिसतो. केंद्रावर साधारण हजार-बाराशे मतदार, त्यामुळं छोट्या गावाचा कल उघडा पडतो आणि "मतं नाहीत तर काम नाही" असा दबाव येऊ शकतो. अनेक केंद्रांची मतं एकत्र मोजणाऱ्या 'टोटलायझर'चा प्रस्ताव निवडणूक आयोगानं २००८ मध्ये दिला, २०१५ मध्ये विधी आयोगानंही शिफारस केली. अजून तो लागू नाही.

धमकी आली तर काय करायचं?

मतासाठी धमकावणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम १७१ खाली गुन्हा आहे. लोकसभा-विधानसभेच्या आचारसंहितेत 'सी-व्हिजिल' ॲपवर फोटो किंवा व्हिडिओसह तक्रार करता येते. १९५० हा मतदार हेल्पलाईनचा क्रमांक आहे.

रस्ता, नळ, घरकुल हे लीड बघून द्यायचं बक्षीस नाही. ज्या बूथवर निवडून आलेल्याला कमी मतं पडली, तिथल्या माणसांचाही तो आमदार असतो.