लाखेची तबकडी आणि तिची सुई

माजरीहून आगगाडी चांद्याकडे निघते, त्या मुलखात पळस विपुल. पळसावर व कुसुमावर लाखेचा किडा पोसला जातो. त्याच्याच लाखेत दगडाची पूड व काजळी कालवून ग्रामोफोनच्या जुन्या तबकड्या घडत. ती पूड पोलादी सुई झिजवून खाचेजोगी करी, म्हणून दर बाजूस नवी सुई लागे. 1942 साली युद्धामुळे अमेरिकेत तबकड्यांच्या लाखेवर निर्बंध आले. 1948 मध्ये व्हिनाइलची दीर्घ तबकडी तेथेच अवतरली.

संग्रहात दोन्ही प्रकार असून पैसा बेताचा असेल, तर तो मोठ्या ध्वनिक्षेपकावर उधळणे व्यर्थ होय. लाखेची खाच रुंद. तिला इंचाच्या सुमारे 3 सहस्रांश त्रिज्येचे टोक हवे. व्हिनाइलची बारीक सुई तिच्या तळाशी घसरून नुसती खरखरते.

वेगाचा प्रश्न याहून नाजूक. आरंभीच्या तबकड्यांचा वेग एकसारखा नव्हता; 78 फेऱ्यांचा प्रघात पुढे रूढ झाला. 78 ऐवजी 83 फेरे पडले की सूर अर्ध्या स्वराने चढतो, आणि खाँसाहेब अब्दुल करीम खाँ यांचा संथ आलापही उतावळा भासतो. तेव्हा सुई बदलता येईल व वेग किंचित कमी-अधिक करता येईल, असे साधे यंत्र आधी घ्यावे. कर्णा मागाहून.